रेघेवरचा सांधा

प्रथम एका शंकेचे निरसन करतो, म्हणजे पुढचे वाचन सोपे होईल. काँक्रीटची धडधाकट वाट असताना तिच्यावर पुन्हा दगड कशासाठी बसवायचा? उत्तर असे की, काँक्रीटवरून चालता येते आणि दगड दाखवता येतो. माझ्या उमेदीच्या काळात पुण्यातील माणसांना चालण्यापेक्षा दाखवण्याची गरज अधिक भासू लागली आणि त्या गरजेवर माझा चरितार्थ चालला. तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. तरीही ती करणार आहे. दिवाळी अंकात निवृत्त माणसाला तेवढी सवलत मिळते.

मी मुळात शिक्षक. बुधवार पेठेजवळच्या एका शाळेत भूमिती शिकवत होतो. माझी तुकडी विनाअनुदानित होती. ती बंद झाली आणि मी स्वारगेटजवळच्या मामांच्या फरशीच्या दुकानात बसू लागलो. बसणे मानवले नाही, म्हणून कामांवर जाऊ लागलो. खडूची सवय मात्र सुटली नव्हती. काँक्रीटवर खडूने रेषा आखल्याशिवाय मी एकही दगड ठेवू देत नसे. आमचा मुख्य कारागीर यल्लप्पा शहाबादकडचा, म्हणजे फरशीच्या गावातच जन्मलेला. पहिल्याच दिवशी माझी आखणी पाहून त्याने विचारले, "ही वाट हाय का फळा, मास्तर?" तेव्हापासून माझे तेच नाव पडले. शाळेत मला सगळे 'सर' म्हणत. मास्तर ही पदवी मला फरशीने दिली.

जुन्या काँक्रीटवर दगड बसवण्याचे काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. आधी हातोडीने सगळी वाट वाजवून पाहायची. घट्ट काँक्रीट टणटणीत वाजते, आतून सुटलेले बद्द वाजते. बद्द वाजेल तेवढा भाग काढून नव्याने भरायचा. मग संपूर्ण पृष्ठभागाला टाकी लावायची, जात्याला लावतात तशीच. गुळगुळीत झालेल्या जात्यातून जसे पीठ पडत नाही, तसा गुळगुळीत काँक्रीटवर दगड धरत नाही. छन्नीने खाचे पाडून वरची साय उडवावीच लागते. त्यानंतर वाट धुवायची, भिजवायची, सिमेंटची पातळ रबडी फासायची, तिच्यावर सिमेंट-वाळूचा मसाला आणि मसाल्यावर दगड. दगड बसला की पुन्हा हातोडी. पोकळ वाजला तर तो उचलायचा. समोर ग्राहक उभा असो वा ग्राहकाचे सासरे.

दगडाच्या आणि मसाल्याच्या जाडीने वाट वर येते, हे मात्र लोकांच्या कधी लक्षात येत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी एका सोसायटीतील निवृत्त गृहस्थांना मी हे तीनदा समजावून सांगितले होते. काम झाल्यावर फाटक फरशीला अडू लागले, तेव्हा ते म्हणाले, "आपण वाट उचलणार हे सांगितलेत, फाटक उचलणार नाही हे कुठे सांगितलेत?" पुढे फरशी ओली असेपर्यंत त्यांनी तिथे एक पाटी लावली होती: 'फरशी ओली आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विचारून जावे.' अशी माणसे त्रास देत, पण त्यांचा राग येत नसे. ती जे बोलत तेच त्यांच्या मनात असे.

आणखी एक नियम सांगायचा राहिला. पुढची सगळी हकीकत त्याच्यावर उभी आहे, म्हणून तो सावकाश सांगतो. काँक्रीट उन्हाने फुगते, थंडीने आकसते आणि कुठेतरी तडकते. ते वेडेवाकडे तडकू नये म्हणून जाणकार गवंडी काँक्रीट ओले असतानाच थापीच्या टोकाने त्यावर सरळ रेघ मारून ठेवतात. पुढे तडा गेलाच तर तो त्या रेघेने जातो. अशा काँक्रीटवर दगड बसवताना जिथे खाली रेघ असेल, बरोबर तिथेच वरच्या दगडांतही एक सरळ सांधा सोडावा लागतो आणि तो सिमेंटऐवजी रबरासारख्या मऊ द्रव्याने भरावा लागतो. तो सोडला नाही, तर दगड त्या रेघेवर फुटतो. खालची रेघ वर आणावी लागते, इतका हा साधा नियम आहे.

तो साधा असल्यामुळेच कोणाला पटत नसे. हडपसरच्या शेतांत तेव्हा संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. अशा एका कंपनीच्या आवारातील वाट आम्ही काळ्या दगडाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांनी मढवत होतो. तिथला तरुण व्यवस्थापक परदेशात राहून आला होता आणि बोलायला अतिशय सभ्य होता. एवढ्या नक्षीत एकच सरळ सांधा पाहून तो म्हणाला, "सर, ही लाइन फार ऑड दिसतेय. काढून टाका ना." मी त्याला काँक्रीटच्या फुगण्याआकसण्यापासून सगळे समजावले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "थिअरी बरोबर असेल, पण मला क्लीन लुक हवाय." क्लीन लुक पहिला उन्हाळा टिकला. त्यानंतर दगड रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे फुटले की मी वर्गात त्याचा दाखला दिला असता. आम्ही ती पट्टी पुन्हा केली आणि सांधा सोडला. पुढे तो व्यवस्थापक पाहुण्यांना तो सांधा मुद्दाम दाखवी आणि त्यामागची थिअरी स्वतःची असल्यासारखी सांगे. या कामामुळे हडपसरमध्ये माझे नाव झाले आणि त्या नावामुळे मला भाऊसाहेबांचे बोलावणे आले.

भाऊसाहेब मूळ गावातले शेतकरी. त्यांचे रान कंपन्यांच्या इमारतींखाली गेले होते आणि त्या पैशातून त्यांनी गावठाणातले आपले राहते घर पाडून तीन मजली इमारत बांधली होती. खोल्या कंपन्यांतल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या. इमारतीच्या मागे त्यांच्या मयत धाकट्या भावाचे कौलारू घर होते आणि मोठ्या रस्त्यापासून इमारतीच्या कडेने त्या घरापर्यंत काँक्रीटची एक रुंद वाट जात होती. ही वाट मढवायची होती. भाऊसाहेबांनी आपली अपेक्षा एका वाक्यात सांगितली. "मास्तर, दगड असा पायजे की गाडीतून उतरणाऱ्याला वाटलं पायजे, गाव संपलं."

कौलारू घरात धाकट्या भावाची विधवा, शकुंतलाबाई, खाणावळ चालवत होत्या. गावात त्यांना शकूवहिनी म्हणत. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून आलेली मुले त्यांच्याकडे जेवत. कोणी कारखान्यात, कोणी संगणकावर. त्यांच्यासाठी वहिनी रश्श्याला वऱ्हाडी तिखट घालायला शिकल्या होत्या. संध्याकाळी ही मुले त्या वाटेने रांगेने येत आणि काही डबे घेऊन परत जात. त्या वाटेखेरीज त्या घराला दुसरी वाट नव्हती.

काम सुरू करण्यापूर्वी मी वाट हातोडीने वाजवत मागच्या दारापर्यंत गेलो. काँक्रीट उत्तम होते. मधोमध, रस्त्यापासून मागच्या उंबऱ्यापर्यंत, एक उथळ सरळ रेघ ओढलेली होती. मी वाकून ती पाहत असताना वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या.

"मास्तर, ती रेघ मामंजींनी वढलीया," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले ते असे. सासऱ्यांनी ही वाट स्वतः ओतून घेतली, त्या दिवशी दोन्ही मुलांना आणि भावकीतल्या तिघांना उभे केले आणि काँक्रीट ओले असताना थापीच्या टोकाने रेघ ओढली. डावीकडचे थोरल्याचे, उजवीकडचे धाकट्याचे. त्या गावांत वाटण्या अशाच होत. तोंडाने बोलत आणि जमिनीवर खूण करत. जमिनीला भाव नव्हता तोवर एवढे पुरत असे. कागदावर वाट अजून एकत्रच, कर्ता म्हणून थोरल्याच्या नावावर होती. सासरे गेले, नवरा गेला. भाऊसाहेब दोन वर्षांपासून वहिनींना घर विकायला सांगत होते आणि वहिनी नाही म्हणत होत्या.

"दगूड टाकला की रेघ गेली," वहिनी म्हणाल्या. "मग उद्या फाटक लावलं, तर म्या कुणाला काय दावू?"

त्या क्षणी मला माझा नियम आठवला आणि तो आठवल्याचा आनंदही झाला. भूमितीचे एखादे प्रमेय अचानक सुटावे तसा. खाली रेघ आहे. रेघेवर काँक्रीट तडकते. म्हणून वर सांधा सोडणे आवश्यक आहे. यात खोटे काहीच नव्हते. ही रेघ वाटणीची आहे असे कारण भाऊसाहेबांना दिले असते, तर त्यांनी दुसरा ठेकेदार आणून ती गाडून टाकली असती. तांत्रिक कारणापुढे मात्र त्यांचा इलाज नव्हता. मी वहिनींना सांगितले की रेघ जाणार नाही, ती वर येईल.

"वर आली, तर आमचीच ऱ्हाईल न्हवं?"

मी म्हणालो, "जिथे खाली आहे, बरोबर तिथेच वर येईल. एक सूतही हलणार नाही."

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे मला त्या वेळी जाणवले नाही. शिक्षकाला ज्याचे उत्तर येते तोच प्रश्न विचारला गेला आहे, असे वाटण्याची सवय असते.

भाऊसाहेब सांध्याला लगेच तयार झाले नाहीत. ही रेघ तड्यासाठी मारलेली नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. मी त्यांना कंपनीच्या आवारात घेऊन गेलो, तिथला सांधा दाखवला आणि तो नसताना काय झाले होते ते व्यवस्थापकाच्याच तोंडून ऐकवले. त्याने ते इतक्या उत्साहाने ऐकवले की परत येताना भाऊसाहेब म्हणाले, "मंग सोडा बाबा सांधा. कंपनीवाल्यांनी केलंय म्हंजी बराबर आसंल."

मग नेहमीप्रमाणे वाटेला टाकी लावली. यल्लप्पा आणि त्याचे दोन सोबती रस्त्याच्या बाजूने छन्नी मारत येत होते आणि वहिनी दारात बसून गवार मोडत पाहत होत्या. काँक्रीटची साय उडत होती आणि सायीबरोबर रेघही. तत्पूर्वी मी रेघेच्या दोन्ही टोकांना, वाटेच्या बाहेर, खुंट्या ठोकून दोरी बांधून ठेवली होती. रेघ पुसली तरी तिची जागा दोरीने धरून ठेवली होती. आज कोणाच्याही खिशात कॅमेरा असतो; तेव्हा तो लग्नात दिसे. छायाचित्र काढून ठेवावे हे कोणाला सुचले नाही.

वाघोलीकडच्या खाणीतला काळा दगड आम्ही बसवला. वेड्यावाकड्या तुकड्यांच्या त्या नक्षीतून एकच सरळ सांधा रस्त्यापासून मागच्या उंबऱ्यापर्यंत गेला, दोरीखालून, एक सूतही न हलता. त्या कामाचा मला अभिमान होता. वहिनी सांध्याच्या उजव्या बाजूने चालत रस्त्यापर्यंत गेल्या आणि त्याच बाजूने परत आल्या. त्या दिवशी आम्हा सर्वांना त्यांनी जेवायला बसवले. तिखटाने यल्लप्पाच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा त्या हसल्या होत्या.

काही वर्षांनी फाटक आले. मोठ्या रस्त्याला लागून, वाटेच्या पूर्ण रुंदीचे, आणि त्याच्यासोबत एक रखवालदार. खाणावळीत येणाऱ्या मुलांना तो नावे विचारू लागला, मग डबे उघडायला सांगू लागला, मग संध्याकाळी फाटक उघडेनासा झाला. मुले भिंतीवरून उडी मारून जेवायला येत. पण जेवायला जाण्यासाठी माणूस किती दिवस उडी मारील? हळूहळू ती रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊ लागली. वाटेची उजवी बाजू आपली आहे, असा वहिनींनी दावा लावला. भावकीतल्या तीन साक्षीदारांपैकी दोघे वारले होते. तिसऱ्याचा गाळा भाऊसाहेबांच्या इमारतीत होता आणि त्याला काही आठवत नव्हते. उरला सांधा, आणि सांध्याचा साक्षीदार मी.

न्यायालयाने जागेची पाहणी करण्यासाठी एका वकीलबाईंची नेमणूक केली. त्यांना कोर्ट कमिशनर म्हणतात. त्यांच्यासमोर दोन्ही पक्ष, दोन्ही वकील आणि मी असे त्या वाटेवर उभे होतो. फाटक त्या दिवशी सताड उघडे होते. मी मला ठाऊक होते ते सगळे सांगितले: दगडाखाली काँक्रीट आहे, काँक्रीटवर रेघ होती, सांधा बरोबर त्या रेघेवर आहे आणि ही रेघ सासऱ्यांनी वाटणीसाठी ओढल्याचे मला वहिनींनी काम सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते. वहिनी माझ्याकडे पाहून होकाराने मान हलवत होत्या.

भाऊसाहेबांचे वकील सभ्य होते. "आपण भूमितीचे शिक्षक होता असे ऐकले," ते म्हणाले. "म्हणजे उत्तरे नेमकी मिळतील. ती रेघ मारताना आपण पाहिलेत?"

"नाही."

"काँक्रीट वेडेवाकडे तडकू नये म्हणून गवंडी अशाच रेघा मारतात?"

"मारतात."

"थापीच्या टोकाने?"

"हो."

"आणि अशा रेघेवर सांधा सोडणे ही आपली नेहमीची पद्धत आहे? त्या कंपनीच्या आवारातही सोडला आहे?"

"हो. पण तिथे—"

"तिथेही दोन भावांची वाटणी झाली होती का?"

कमिशनरबाई हसल्या नाहीत, भाऊसाहेब हसले. मी सांगू पाहिले की तांत्रिक कारण खरे होतेच, पण सांधा सोडण्यामागे आणखी एक कारण होते. वकिलांनी विचारले की ते दुसरे कारण मी त्या वेळी भाऊसाहेबांना सांगितले होते का. मी नाही म्हणालो. त्यांनी माझे आभार मानले. पक्ष, साध्य आणि सिद्धता यांत एकही पायरी चुकलेली नव्हती. माझ्या वर्गात मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

मग वहिनींच्या वकिलांनी विनंती केली की सांध्यालगतचा एक दगड उचलून खालची रेघ पाहावी. मी म्हणालो, "खाली रेघ दिसणार नाही. टाकी लावली आहे." ते त्यांना कळले नाही. त्यांना वाटले, मी आता दुसऱ्या बाजूने बोलतो आहे. दगड उचलायचे ठरले. मजुराला त्यासाठी पहार मोडेल इतके कष्ट पडले, कारण माझा दगड सहजासहजी निघत नाही. शेवटी तो दोन तुकड्यांत निघाला. खाली छन्नीचे खाचे होते, जात्याला असतात तसे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रेघ कुठेच नव्हती.

वहिनींनी वाकून पाहिले. "खाली काहीच ठिवलं न्हाई व्हय, मास्तर?"

मी म्हणालो, "वहिनी, टाकी लावल्याशिवाय दगड धरत नाही."

"धरला की," त्या म्हणाल्या. "लई घट्ट धरला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो सोसवला असता.

वाटेबाबतचा आदेश वहिनींच्या विरुद्ध गेला. पुढे अपील करण्याचे त्राण त्यांच्यात उरले नाही. भाऊसाहेब देतील त्या किमतीला घर देऊन त्या फुरसुंगीच्या पलीकडे बहिणीकडे गेल्या. तिथे अजून शेते होती, जेवायला येणारी परगावची मुले नव्हती. खाणावळ पुन्हा सुरू झाल्याचे मी ऐकले नाही. कौलारू घराच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. भाड्याने राहणारी मुले अधूनमधून विचारतात म्हणे की एवढ्या नक्षीत ही एकच सरळ लाइन कशासाठी, आणि भाऊसाहेब सांगतात, "ती मास्तरांची पद्धत हाय."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. टाकी न लावता दगड बसवला असता, तर तो सुटला असता आणि रेघ राहिली असती. पण तसे काम मला करता आले नसते आणि वहिनींनीही ते मागितले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले होते की रेघ त्यांची राहील का. मी रेघ राहील एवढेच पाहिले.

त्या पाहणीच्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे पांगल्यावर उघड्या खड्ड्याकडे बोट दाखवून भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, तेवढा दगूड बसवून द्या. पोरं अडखळत्याल." यल्लप्पा तेव्हा गावी परतला होता. नाही म्हणता आले असते. पण वहिनी अजून तिथेच राहत होत्या आणि त्या वाटेने येत-जात होत्या. मी दुकानातून तशाच काळ्या दगडाचा तुकडा आणवला. खड्डा धुतला, भिजवला, रबडी फासली, मसाला पसरला. वहिनी दारात उभ्या होत्या. आत गेल्या नाहीत. मी सांध्याला दोरी लावली आणि दगड बरोबर तिच्या कडेला बसवला. सवयीने हातोडी घेतली आणि चारही कोपऱ्यांवर वाजवून पाहिली.

कुठेही पोकळ वाजले नाही.